पहिल्या भेटीचा ताळेबंद

अनोळखी पेठेत पहिल्यांदा खरेदीला निघालेला व्यापारी घर सोडण्यापूर्वीच बरीच चौकशी उरकून घेतो. बाजार कोणत्या वारी भरतो, आडत किती, हमाली कोणाकडे, उतरायचे कोठे, जेवणाची सोय काय, हे सारे तो दोन-चार ओळखीच्या लोकांना विचारतो आणि पहिल्या खेपेला बेतानेच माल उचलतो. हाच गृहस्थ मुलाबाळांना घेऊन एखाद्या थीम पार्कला निघतो, तेव्हा मात्र त्याची सारी तयारी तिकिटांच्या नोंदणीपाशी संपते. उरलेल्या गोष्टींचे उत्तर एकच असते : तिथे गेल्यावर पाहू. दुकानातल्या मुनिमाने हे उत्तर दिले असते, तर ते त्याला मुळीच खपले नसते.

अहिल्यानगरच्या कापड बाजारातील एखादे एकत्र कुटुंब डोळ्यांसमोर आणावे. सत्तरी ओलांडलेली आजी, दोन भाऊ, दोन सुना आणि ५ ते १४ वर्षांची पाच मुले, असे एकूण १० जण. दुकान वर्षातून मोजकेच दिवस बंद राहते. मुलांना खोपोलीजवळच्या इमॅजिकाचे आश्वासन देऊन दोन वर्षे झाली आहेत, आणि आता ते पाळण्यावाचून गत्यंतर नाही. घरातले कोणीही ते ठिकाण पाहिलेले नाही. अशा कुटुंबाचा तो एक दिवस नीट पार पडतो की रुसवे-फुगवे घेऊन परततो, हे बहुतांशी घर सोडण्याआधीच ठरलेले असते.

वडीलधाऱ्यांची एक अडचण अशी की, आपल्याला असल्या जागा ठाऊक आहेत असे त्यांना वाटते. आज चाळिशी-पन्नाशीत असलेल्या पिढीने मुंबईचे एस्सेलवर्ल्ड पाहिलेले असते. १९८९ मध्ये गोराईला सुरू झालेल्या त्या उद्यानाकडे खाडी ओलांडून बोटीने जावे लागे, आणि ती बोटच अर्धी मौज असे. एस्सेलवर्ल्ड २०२२ मध्ये बंद झाले. त्याची आठवण मात्र अजून मार्गदर्शन करीत राहते. ‘आम्ही सगळे पाळणे दोन-दोनदा बसलो होतो’ हे वाक्य मुलांच्या कानी इतक्यांदा पडलेले असते, की तीच त्यांची अपेक्षा होऊन बसते.

इमॅजिका रायगड जिल्ह्याच्या खालापूर तालुक्यात, मुंबई-पुणे द्रुतगती मार्गापासून जवळ, खोपोली-पाली रस्त्यावर आहे. ते एप्रिल २०१३ मध्ये खुले झाले. पुढे त्याच आवारात जलउद्यानाची भर पडली. त्याचे तिकीट निराळे आणि त्याला लागणारा वेळही निराळा. पहिल्या भेटीत दोन्ही एका दिवसात बसवण्याचा मोह हा पहिला सापळा होय. ओल्या कपड्यांच्या पिशव्या घेऊन दहा माणसांनी दुपारी एका दारातून बाहेर पडून दुसऱ्या दारातून आत शिरणे, यात दीड-दोन तास सहज खर्ची पडतात, आणि शेवटी दोन्हीकडचे निम्मेच पदरात पडते.

या उद्यानांचा व्यवहार कसा चालतो हे समजण्यासाठी थोडे मागे जावे लागते. वॉल्ट डिस्ने यांचे डिस्नेलँड १७ जुलै १९५५ रोजी कॅलिफोर्नियातील ॲनाहाइम येथे उघडले. तो दिवस निमंत्रितांसाठी राखलेला होता, पण बनावट तिकिटे घेऊन आलेल्यांनी गर्दी अपेक्षेपलीकडे वाढवली. नळकामगारांच्या संपामुळे पिण्याच्या पाण्याची पुरेशी सोय होऊ शकली नव्हती, आणि उन्हाने मऊ झालेल्या नव्या डांबरात स्त्रियांच्या उंच टाचा रुतत होत्या. ज्यांनी जागा स्वतः आखली, त्यांचाही पहिला दिवस असा गेला.

त्याहून बोधक आहे ती तिथली तिकिटांची हकिगत. सुरुवातीला प्रवेशाचे पैसे वेगळे आणि प्रत्येक राइडचे पैसे वेगळे असत. त्याच वर्षीच्या ऑक्टोबरमध्ये कुपनांची पुस्तिका आली. साध्या पाळण्याला ‘ए’ कुपन, त्याहून चांगल्याला ‘बी’, असे चढते दर्जे. सर्वांत मागणी असलेल्या राइडसाठी ‘ई’ कुपन १९५९ मध्ये सुरू झाले. पुस्तिकेत ‘ई’ कुपने मोजकीच असत. त्यामुळे ती कोठे खर्चायची, याचा विचार प्रत्येक कुटुंबाला आपोआप करावा लागे. १९८२ मध्ये ही पद्धत बंद झाली आणि एकाच प्रवेशमूल्यात सर्व काही, हा आजचा रिवाज रूढ झाला.

व्यापाऱ्याच्या दृष्टीने या बदलाचा अर्थ सरळ आहे. मालाची किंमत नाहीशी झालेली नाही. ती निराळ्या चलनात गेली आहे. दारापाशी रुपये मोजून आत गेल्यावर पुढची प्रत्येक वस्तू मिनिटांत विकत घ्यावी लागते, आणि त्या मिनिटांचे दर तासातासाला बदलतात. सकाळी उघडण्याच्या वेळी जी राइड दहा मिनिटांत मिळते, तीच दुपारी पाऊण तासाला पडते. ज्याने रुपयांचाच हिशेब केला आणि मिनिटांचा केला नाही, त्याने निम्म्याच व्यवहाराचे खाते लिहिले.

तो हिशेब कागदावर मांडून पाहावा. उद्यान आठ तास खुले आहे असे धरले, तर हाती ४८० मिनिटे येतात. दहा माणसांची प्रवेशाची तपासणी आणि सामान ठेवणे यांत ३० गेली. दुपारच्या जेवणाला ६० आणि सूर्यास्तापूर्वीच्या जेवणाला ४०. स्वच्छतागृह, पाणी आणि ‘धाकटा कुठे गेला’ या शोधात, दहा जणांच्या हिशेबाने, ६० मिनिटे ही कमीच म्हणायची. चालण्यात ५० गेली. उरली २४०. रांग आणि राइड मिळून सरासरी ४० मिनिटे धरली, तर त्या दिवसात सहा गोष्टी होतात. मुलांच्या यादीत वीस-पंचवीस नावे असतात. वीस आणि सहा यांतील हा फरक घरी, जेवणाच्या ताटावर बसून कळला, तर त्यावर चर्चा होते. दुपारी चार वाजता रांगेत कळला, तर भांडण होते.

म्हणून पहिल्या भेटीची यादी ही मुख्यतः काय सोडायचे याची यादी असावी. प्रत्येक मुलाने एकच राइड ‘माझी’ म्हणून निवडावी. तिला काही झाले तरी वगळायचे नाही. बाकीचे मिळेल तसे. पाच मुलांच्या पाच निवडींत दोन-तीन समान निघतातच, आणि मग मोठ्यांच्या इच्छेलाही जागा उरते. चौदा वर्षांच्या मुलाचे बोट बहुधा ‘नायट्रो’ या रोलर कोस्टरवर पडणार. सुमारे ४० मीटर उंची आणि ताशी शंभर किलोमीटरच्या वरचा वेग, हे आकडे त्याला पाठ असतात. मधल्या मुलांसाठी ‘राजासॉरस’ या नावाची नौकेची राइड आहे. तिच्यात भिजायला होते, हे आधी ठाऊक असावे. (हे नाव काल्पनिक नाही. नर्मदेच्या खोऱ्यात, गुजरातेत, सापडलेल्या जीवाश्मांवरून २००३ मध्ये एका डायनोसॉरला ‘राजासॉरस नर्मदेन्सिस’ असे नाव देण्यात आले. मुलांना जाताना गाडीत सांगण्यासारखी ही गोष्ट आहे; रांगेत सांगितली तर अधिक उपयोगी.) ‘आय फॉर इंडिया’सारखा, बसल्या जागी देशावरून उडत गेल्याचा भास देणारा खेळ घरातील बऱ्याच जणांना मिळून पाहता येतो. कोणती राइड त्या दिवशी दुरुस्तीसाठी बंद आहे, याची खात्री मात्र आदल्या दिवशी करून घ्यावी.

रांगेपाशी उभे राहिल्यावर किती वेळ लागेल, हे फलकावर लिहिलेले असते किंवा नसतेही. ते स्वतः काढणे कठीण नाही. जॉन लिटल या अमेरिकन अभ्यासकाने १९६१ मध्ये रांगांविषयी एक नियम सिद्ध केला. त्याचा व्यवहारातला अर्थ असा : पुढे उभी असलेली माणसे भागिले दर मिनिटाला आत जाणारी माणसे, म्हणजे थांबण्याची मिनिटे. एका गाडीत २४ जण बसत असतील आणि दर तीन मिनिटांनी गाडी सुटत असेल, तर मिनिटाला ८ माणसे जातात. पुढे ३२० माणसे असतील, तर ४० मिनिटे. बारा वर्षांची मुलगी हे गणित तोंडी करते, आणि ते तिच्याकडे सोपवले की रांगेतला निम्मा कंटाळा तिथेच जातो. डेव्हिड मेस्टर यांनी १९८५ मध्ये वाट पाहण्याच्या मानसशास्त्रावर लिहिताना हेच नोंदवले होते. रिकामा वेळ कामात गेलेल्या वेळेपेक्षा लांब वाटतो, आणि किती थांबायचे हे माहीत नसले की तो आणखी लांबतो. दुकानात गिऱ्हाइकाला ‘बसा, दोन मिनिटांत काढतो’ म्हणून हाती पाण्याचा पेला देणारा व्यापारी हा सिद्धान्त न वाचताच जाणतो.

अधिक पैसे भरून रांग टाळण्याची सोय मोठ्या उद्यानांत असते. गर्दीच्या रविवारी, मोजक्या राइडसाठी, ती फायद्याची ठरू शकते. मधल्या वारी तिचा बहुधा काही उपयोग नाही. दहाही जणांसाठी ती घेणे म्हणजे तारखेची चूक पैशाने झाकणे.

तारखेचा प्रश्न खरोखर अवघड आहे, आणि व्यापारी घरात तो इतरांहून अधिक अवघड. मे महिन्यात आणि दिवाळीच्या सुट्टीत सारा महाराष्ट्र निघतो. कोकणच्या पायथ्याचे मे महिन्यातले दमट ऊन वृद्धांना सोसवणारे नाही. पावसाळ्यात गर्दी कमी असते, परंतु रायगडचा पाऊस जोरदार, विजा चमकू लागल्या की उघड्यावरच्या राइड थांबवाव्या लागतात, आणि चातुर्मासात अनेक घरांतून लांबचा प्रवास टाळला जातो. कार्तिकी पौर्णिमेनंतर वाट मोकळी होते. पण तुळशीचे लग्न लागले की लग्नसराई उभी राहते, आणि कापडाच्या दुकानाला कुलूप लावण्याची गोष्ट कोणी काढू शकत नाही. मग उरतो तो पौष महिन्याच्या सुमाराचा काळ, जेव्हा मारवाडी-गुजराती घरांत मुहूर्त नसतात आणि पेठ जराशी थंडावते.

जानेवारीचा दुसरा आठवडा, मंगळवार किंवा बुधवार, हा अशा कुटुंबाला जमण्याजोगा दिवस आहे. त्यातही दोन अडचणी आहेत. शाळांच्या सहली त्याच दिवसांत निघतात, तेव्हा मधल्या वारीही शंभर-दोनशे मुलांचा एखादा घोळका अचानक समोर उभा राहतो. आणि घरात दहावी-बारावीचा विद्यार्थी असेल, तर त्याच्या सराव परीक्षा तेव्हाच असतात. त्याला मागे ठेवून जाणे हा पर्याय काही घरांतून निवडला जातो. तो निवडू नये. त्या वर्षी बेत पुढे ढकलावा.

तारीख पक्की करण्यापूर्वी पंचांग उघडणे आवश्यक आहे. अष्टमी किंवा चतुर्दशी असेल, तर आजीचा उपवास असतो किंवा हिरवी भाजी वर्ज्य असते. तिकीट काढून झाल्यावर हे लक्षात आले, तर आजी ‘माझे काही नाही, तुम्ही जा’ असे म्हणते, आणि घरातले सगळे ते खरे मानतात.

याच वेळी सूर्याचेही गणित मांडावे. जानेवारीच्या मध्याला त्या भागात सूर्यास्त सव्वासहाच्या सुमारास होतो. चौविहार पाळणाऱ्या व्यक्तीचे जेवण आणि पाणी त्याच्या आत आटोपले पाहिजे. म्हणजे ताट पाच, सव्वापाचला समोर असावे, आणि त्यासाठी साडेचारला खाद्यगृहाच्या दिशेने निघावे लागते. पाच ते सहा हीच उद्यानातली सर्वांत आनंदाची वेळ. उन्हे उतरलेली असतात, गर्दी पातळ होऊ लागते, दिवे लागायला सुरुवात होते. मुलांना त्या वेळी जेवायला बसवणे हा त्यांच्यावर अन्याय आणि आजीला सहा वाजेपर्यंत थांबवणे हा तिच्यावर. यावर तोडगा सोपा आहे, पण तो आधी ठरावा लागतो : एक मुलगा आणि एक सून आजीबरोबर जेवतील, उरलेले दोघे मुलांना घेऊन राइडकडे जातील, आणि मुलांचे खाणे त्यांच्या सोयीने होईल. ज्या मोठ्यांचा चौविहार आहे, त्यांनी आजीच्या पंगतीला बसावे. आजीने एकटीने जेवावे, हे मात्र कदापि होऊ देऊ नये.

सकाळचा हिशेबही असाच. त्या दिवसांत सूर्योदय सव्वासातच्या आसपास असतो. त्यानंतर ४८ मिनिटांनी नवकारशी, म्हणजे आठ वाजून जातात. रात्रीचा मुक्काम पुण्यात नातलगांकडे असेल, तर नवकारशी करून, न्याहारी आटोपून निघाले तरी खंडाळ्याचा घाट उतरून दार उघडण्याच्या सुमारास पोचता येते. अहिल्यानगरहून पहाटे निघून सुमारे २०० किलोमीटर एका दमात गाठण्याचा बेत कागदावर एका मुक्कामाची बचत दाखवतो. प्रत्यक्षात मुले निम्मी झोपेत, आजी उपाशी आणि गाडी चालवणारा भाऊ दिवस सुरू होण्याआधीच थकलेला, अशा स्थितीत सगळे आत शिरतात.

जेवणाची चौकशी दूरध्वनीवर आणि नेमक्या शब्दांत करावी. ‘जैन जेवण मिळते का’ या प्रश्नाला सर्वत्र ‘मिळते’ असेच उत्तर येते. त्याचा अर्थ कित्येकदा कांदा-लसूण वगळलेले, एवढाच असतो. बटाटा, गाजर, आले यांची नावे घेऊन विचारावे लागते. तवा आणि कढई वेगळी आहे का, हेही विचारावे. नसेल तर आजीपुरता पर्याय ठेवावा. बाहेरचे खाद्यपदार्थ आत नेऊ न देण्याचा नियम बहुतेक उद्यानांत असतो. लहान मुलांच्या आणि पथ्याच्या आहाराला सवलत मिळते का, आणि आजीचे उकळलेले पाणी नेता येते का, हे दोन प्रश्न त्याच वेळी विचारून, उत्तर देणाऱ्याचे नाव टिपून ठेवावे. दारावरच्या रखवालदाराशी हुज्जत घालण्याची वेळ येऊ नये. तो आपले काम करीत असतो. खाकरे आणि ठेपले गाडीत असावेत. एकदा बाहेर पडल्यावर पुन्हा प्रवेश मिळतो का, हे समजल्यावर त्यांचा उपयोग दुपारी करायचा की परतीच्या वाटेवर, ते ठरते.

आता उंचीची अट. संपूर्ण नियोजनात सर्वांत कमी वेळ खाणारी आणि सर्वांत अधिक डोळ्यांतले पाणी वाचवणारी बाब हीच. मोठ्या राइडच्या दाराशी उंचीची खूण असलेली पट्टी उभी असते. सिंगापूरच्या युनिव्हर्सल स्टुडिओत ममीच्या राइडला १२२ सेंटिमीटर, बॅटलस्टार गॅलॅक्टिकाला १२५, ट्रान्सफॉर्मर्सला १०२, अशा अटी आहेत. प्रत्येक उद्यानाचे आकडे निराळे असतात आणि ते त्याच्या संकेतस्थळावर दिलेले असतात. आसनावरचा दांडा किंवा खांद्यावरचा पट्टा ठरावीक बांध्यासाठी घडवलेला असतो. त्याहून लहान शरीर त्यातून निसटू शकते. मुलाच्या धीटपणाशी या अटीचा संबंध नाही, आणि बापाच्या ओळखीशी तर मुळीच नाही. ‘दोनच सेंटिमीटर कमी आहे हो’ असे घासाघीस करणारे वडील दर रविवारी दिसतात. जिथे दर ठरलेला असतो तिथेही थोडे खाली-वर करून पाहण्याची सवय पेठेत गुण असेल. इथे ती मुलाच्या जिवाशी खेळ आहे. जाड तळव्याचे बूट घालून आणणे हाही त्यातलाच प्रकार.

आठ वर्षांच्या मुलाला घरीच, अनवाणी, दाराच्या चौकटीशी उभे करून मोजावे. १२० ची अट असलेल्या राइडसाठी तो ११७ भरला, तर त्याला तेथेच, त्याच दिवशी सांगावे की ही राइड या वर्षी तुझी नाही. तो रडेल. पण तो घरात रडेल, दोन दिवसांत सावरेल आणि आपल्यासाठी दुसरी राइड निवडेल. पाऊण तास रांगेत उभे राहून, थोरल्या भावाचा हात धरून दाराशी पोचलेल्या मुलाला शंभर लोकांसमोर बाजूला काढले जाते, तेव्हा त्याला राइड गमावल्यापेक्षा आपल्याला फसवले गेले असे वाटते. ‘तिथे गेल्यावर पाहू’ म्हणणाऱ्या बापाच्या शब्दाची किंमत त्या क्षणी मुलाच्या मनात ठरते. मोठ्यांनाही अटी असतातच. हृदयविकार, रक्तदाब, पाठीचे दुखणे, गर्भारपण, यांविषयीच्या सूचना फलकावर लिहिलेल्या असतात आणि चाळिशीतले भाऊ त्या वाचल्याशिवाय पुढे सरकतात.

पिशव्यांचा प्रश्न वरकरणी क्षुल्लक आहे. दहा माणसांच्या पाण्याच्या बाटल्या, टोप्या, स्वेटर, धाकट्याचे जादा कपडे, आजीची औषधे, असे सारे मिळून चार-पाच पिशव्या होतात, आणि त्या कोणीतरी सांभाळायच्या असतात. हे ‘कोणीतरी’ कोण, ते कोणी ठरवत नाही, तरी ते ठरलेलेच असते. दोन सुनांपैकी एक बाकावर बसते, आणि तिला सोबत म्हणून आजी. संध्याकाळी सर्वांच्या भ्रमणध्वनीतली छायाचित्रे चाळून पाहिली, तर त्यांत तीच एक सून सापडत नाही. ती छायाचित्र काढणारीही नसते, ती पिशव्यांपाशी असते. तिच्याही नावाचे तिकीट त्याच दराने काढलेले असते.

सामान ठेवण्याचे लॉकर भाड्याने मिळतात. त्यांचे पैसे वाचवणे ही या सहलीतली सर्वांत महाग बचत होय. तरी ज्या पिशव्या जवळ बाळगाव्याच लागतात, त्यांच्यासाठी पाळ्या लावाव्यात, आणि दोन्ही भावांची नावे त्या पाळ्यांत आधी लिहावीत. लहान मुलामुळे आई-वडिलांपैकी एकाला बाहेर थांबावे लागत असेल, तर पहिला उतरल्यावर दुसऱ्याला पुन्हा रांग न लावता जाऊ देण्याची सोय परदेशातील मोठ्या उद्यानांत असते. इथेही ती मागून पाहावी. विचारायला पैसे पडत नाहीत.

आजीला काय हवे आहे, हे तिला एकटीला, मुले शेजारी नसताना विचारावे. सर्वांसमोर विचारले तर ती मुलांच्या तोंडाकडे पाहून उत्तर देते. कदाचित तिला यायचेच नसेल, आणि तो दिवस पुण्यात बहिणीकडे घालवायला तिला आवडेल. कदाचित तिला गोल फिरणाऱ्या घोड्यांवर नातवाला पुढ्यात घेऊन बसायचे असेल, आणि हे बोलायला ती संकोचत असेल. यायचे ठरलेच, तर चाकाच्या खुर्चीची चौकशी आधी करावी. चालू शकणाऱ्या माणसालाही दिवसभराच्या पायपिटीत दुपारनंतर तिची गरज भासते, आणि तेव्हा ती मिळेलच असे नाही.

मुले हरवण्याची भीती रास्त आहे, आणि तिच्यावरचे उपाय साधे आहेत. सकाळी दाराशी पाचही मुलांचे एकत्र छायाचित्र घ्यावे, म्हणजे त्या दिवशीचे कपडे कोणाला आठवत बसावे लागणार नाहीत. धाकट्यांच्या खिशात दोन भ्रमणध्वनी क्रमांकांची चिठ्ठी असावी. चुकामूक झाल्यास मोठ्यांना भेटण्याचे ठिकाण एकच असावे, आणि ते आत शिरताक्षणी सर्वांना बोटाने दाखवावे. नकाशावर दाखवलेले ठिकाण पाच वर्षांच्या मुलाच्या लक्षात राहत नाही.

एवढी तयारी करूनही एक शत्रू बरोबर येतोच, आणि तो कर्त्या पुरुषाच्या डोक्यात बसलेला असतो. दहा तिकिटांची रक्कम त्याला पाठ असते. दुपारी तीन वाजता धाकटी पेंगू लागते, आजीचे गुडघे बोलू लागतात, मधला मुलगा नुसताच गवतावर लोळत सावलीत हसत असतो. आणि तेव्हा आवाज येतो : ‘उठा, चला, अजून निम्मे बाकी आहे, पैसे वसूल व्हायला नकोत का?’ वास्तविक दारातून आत येताक्षणी ते पैसे खर्च झालेले आहेत. नवव्या राइडने त्यांतला एक रुपयाही परत येत नाही. गेल्या हंगामातला न खपलेला माल खरेदीच्या भावाकडे पाहत धरून ठेवू नये, मिळेल त्या भावात काढून जागा मोकळी करावी, हे धाकट्या भावाला शिकवणारा थोरला भाऊ इथे नेमका उलट वागतो. गवतावर लोळणारा मुलगा त्या दिवसाचा नफाच मिळवीत असतो. तो कोणत्याही राइडच्या यादीत नसतो, एवढेच. दुपारी तासभर सावलीत, काहीही न करता बसण्याची जागा सकाळीच हेरून ठेवावी आणि तो तास वेळापत्रकात लिहून टाकावा. लिहिलेले असले की त्याला कोणी आळस म्हणत नाही.

शेवटची गोष्ट परतीची. दिवसभर उन्हात, गोंगाटात आणि उभ्याने काढल्यानंतर रात्री बोरघाट चढून थेट अहिल्यानगरला पोचण्याचा बेत अनेक घरांतून होतो, कारण दुसऱ्या दिवशी दुकान उघडायचे असते. मागे सगळे झोपलेले, शेजारी बसलेला भाऊही पेंगत असलेला आणि समोर अवजड वाहनांची रांग, अशा वेळी गाडी चालवणाऱ्याच्या डोळ्यांवर दहा जणांचा भार असतो. हा बेत कोणत्याही कारणास्तव करू नये. शक्य असेल तर त्या दिवसापुरता वाहनचालक ठेवावा आणि त्याच्या जेवणाची व विश्रांतीची सोय पाहावी. नसेल तर निघण्याची वेळ आधी ठरवून, उद्यान बंद होण्याच्या तासभर आधी बाहेर पडावे आणि रात्रीचा मुक्काम पुन्हा पुण्यातच करावा. नातलगांना दोन्ही रात्रींची कल्पना आधीच द्यावी; संध्याकाळी साडेसातला ‘आम्ही दहा जण येतोय’ असा निरोप कोणत्याही मावशीला देऊ नये. दुसऱ्या सकाळी नवकारशी करून सावकाश निघाले, तरी दुपारपर्यंत पेठेत पोचता येते. दुकान त्या दिवशी एक वाजता उघडेल, अशी पाटी निघण्याच्या संध्याकाळीच, कुलूप लावताना, दारावर अडकवून ठेवावी.